गॅस जातो कुठे?

२ मार्च

आज गॅरेजवर नवी पाटी लागली. वर 'गाड्यांचे एसी दुरुस्ती', खाली माझी पदवी. रंगाऱ्याने 'अभियंता'मधला शेवटचा काना खाल्ला, त्यामुळे सध्या मी 'अभियंत' आहे. मी कुरकुर केली तर दादा म्हणाला, "राहू दे गं. गिऱ्हाईक पाटी वाचायला येत नाही, गार व्हायला येतं." पण नंतर तोच रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि पाटीकडे बराच वेळ बघत उभा राहिला.

बाबा गेले तेव्हा दादा दहावीत होता. त्याने दप्तर ठेवलं आणि हातात पाना घेतला, म्हणून मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. माझ्या वर्गातले सगळे कंपन्यांत गेले. मी इथे आले. मला वाटतं, छोट्या जागेतही काम मोजून, तपासून आणि गिऱ्हाइकाला खरं सांगून करता येतं. हे मी दादाला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "इंजिनीअरबाई, आधी तो पंखा पुसा."

६ मार्च

माझी स्वतःची म्हणावी अशी पहिली गाडी आली, आणि तीही सरांची!

शाळेत सर आम्हाला विज्ञान शिकवायचे. बारावीनंतर मला पुढे शिकवायचं की नाही यावर घरात खल चालला होता, तेव्हा सर आपणहून घरी आले आणि आई 'हो' म्हणेपर्यंत खुर्चीवरून उठले नाहीत. आता ते निवृत्त झालेत. त्यांच्या जुन्या चंदेरी गाडीचा एसी दादाने महिन्याभरापूर्वीच भरून दिला होता. आता पुन्हा गरम हवा येते.

"भरून देतो की," दादा म्हणाला.

मी म्हटलं, आधीचा गेला कुठे ते शोधायला नको? एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी निसटला.

"ऐकलंत?" सर दादाला म्हणाले. "ही माझी विद्यार्थिनी."

"ऐकतोय सर. घरी पण, इथे पण."

साबणाचा फेस करून सगळे सांधे तपासले. कॉम्प्रेसर, दोन्ही पाइप, पुढची जाळी. कुठेही बुडबुडा नाही. मग माझं गळती शोधायचं यंत्र काढलं. हवेत एसीचा गॅस आला की ते ओरडतं. सगळीकडून फिरवलं, गप्प. शेवटी मी मुद्दाम गॅस भरायच्या तोंडाची पिन दाबली. शेजारच्या रंगाऱ्याच्या थिनरने नाक भरलेलं, पण फुस्स आवाज आला, बोटाला गार लागलं, म्हणजे गॅस होता. यंत्र तरीही गप्प. सेल बदलले, तरी तेच.

"फेकून दे ते खेळणं," दादा म्हणाला.

आता एकच उपाय होता. पाइपात पिवळा रंग सोडला. गॅसबरोबर रंगही गळतो आणि निळ्या दिव्याखाली चमकतो. रंग मी सोडला, गॅस दादाने भरला. गॅस भरायचं काम तो कुणालाच करू देत नाही. मागच्या शेडमध्ये गाडी नेतो, पडदा ओढतो आणि मला म्हणतो, "दाबाचं काम आहे, लांब राहा." किती भरायचा ते तो काट्यावर बघत नाही. कॉम्प्रेसरचा आवाज ऐकतो, पाइपाला हात लावतो. पाइपाला घाम आला की बास. लोक म्हणतात, याच्या हाताला गुण आहे. दुसरीकडे भरलेल्या गाडीपेक्षा आमची गाडी जास्त गार होते, आणि हे मी स्वतः थर्मामीटर लावून पाहिलंय.

९ मार्च

एक गंमत नोंदवून ठेवते. दादा ज्या छोट्या निळ्या टाकीतून गॅस भरतो ती मी आज एका गाडीआधी आणि नंतर वजन करून पाहिली. गाडीच्या बॉनेटखाली कंपनीने जेवढा लिहिलाय त्याच्या निम्मासुद्धा गेला नव्हता. तरी गाडी बर्फासारखी गार! मी दादाला विचारलं, हे कसं? तो म्हणाला, "अनुभव." कंपन्या उगाच जास्त भरायला सांगत असतील का? कॉलेजातल्या सरांना पत्र लिहून विचारायला हवं. सगळंच काही पुस्तकात नसतं.

घरी आले तर आईचा पारा चढलेला. गॅस मध्येच संपला होता आणि अर्धा स्वयंपाक शेगडीवर तसाच. "आम्ही दोन वेळा चूल पेटवणारी तीन माणसं, आणि गॅस बघावं तेव्हा संपलेला. तुमच्या त्या गाड्यांनाच पाजा सगळा!" मी हसून म्हटलं, आई, गाड्यांचा गॅस वेगळा असतो. आई म्हणाली, "हो का? तू शिकलेली, तुला माहीत." दादा जेवण अर्धवट टाकून उठला. दमला असेल.

१५ मार्च

सर परत आले. एसी पुन्हा गरम. या वेळी तर दहा दिवससुद्धा टिकला नाही.

आणखी एक तक्रार आहे. सकाळी गाडीचं दार उघडलं की घाण वास येतो. "काहीतरी सडल्यासारखा," सर म्हणाले. मी नाक खुपसून पाहिलं, पण ते काचा उघड्या टाकून आले होते आणि शेजारी रंगाऱ्याचा थिनर, त्यामुळे मला काही कळलं नाही. उंदीर मरून पडला असेल किंवा आत बुरशी धरली असेल. हवेची जाळी काढून धुतली. उंदीर सापडला नाही.

सर जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "वासाचं आमच्या बाईंना सांगू नकोस. त्यांना वाटेल माझ्या सिगारेटीचा."

"सर, तुम्ही सोडली होती ना?"

"घरात सोडली. बाईंच्या नाकाला कुत्र्याचं नाक म्हटलं तर कुत्रा रागवेल. म्हणून सकाळी घरामागे गाडी असते तिच्यात बसतो. काचा बंद, एसी चालू, पेपर आणि एकच सिगारेट. तेवढाच माझा राजवाडा. त्याचाच एसी तू बिघडलेला ठेवलायस."

मला इतकं हसू आलं. राजवाडा दुरुस्त करणार, असा शब्द दिला.

१६ मार्च

सापडलं!

निळा दिवा घेऊन गाडीखाली आडवी झाले. पाइप कोरडे, कॉम्प्रेसर कोरडा. शेवटी एसीचं पाणी जिथून खाली ठिबकतं त्या रबरी नळीच्या तोंडावर दिवा धरला, तर पिवळाहिरवा थेंब, काजव्यासारखा चमकणारा. म्हणजे डॅशबोर्डच्या मागे, जिच्यावरून हवा गार होऊन आत येते, ती कूलिंग कॉइलच फुटली आहे. बारीक छिद्र असणार. फेस तिथे पोचत नाही, हात पोचत नाही. गॅस बाहेर कुठे जातच नव्हता. तो आत येत होता, गाडीच्या आत.

गाडीखालून ओरडतच बाहेर आले. दादाला सांगितलं. वाटलं होतं, पाठीवर थाप मारेल. त्याचा पाना हातातच थांबला.

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत. माणसं बसतात तिथे."

"नक्की?"

"दिव्याखाली बघ ना."

तो बघायला वाकला नाही. "कॉइल मागव. आजच मागव," एवढंच म्हणाला आणि मागच्या शेडमध्ये गेला. मला जरा वाईट वाटलं. धाकट्या बहिणीने शोधलं ते लागलं असेल का मनाला? असं लिहिणं बरोबर नाही. दादा तसा नाही.

सरांना मात्र कोण आनंद! त्यांनी एक शहाणा प्रश्न विचारला, शिक्षकच ना: "गॅस आत येतो म्हणतेस, तर तो काही घातक? मी तिथे सिगारेट पेटवतो."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. एसीचा गॅस पेट घेत नाही, त्याला वासही नसतो. वास बुरशीचा असणार. थोडाफार गळाला तरी काळजीचं कारण नाही.

"मग ओढू का खुशाल?"

"तब्येतीसाठी ओढू नका. गॅससाठी घाबरू नका."

"उत्तम उत्तर. दहापैकी दहा."

१९ मार्च

कॉइल यायला अजून तीन-चार दिवस. सरांची मुलगी आणि नातू राहायला आलेत आणि गाडीत बसवत नाही इतकं गरम होतं. सर म्हणाले, तात्पुरता भरून दे. दादा नको म्हणाला.

"रिकामीच चालवू द्या त्यांना. गळतंय हे माहीत असताना भरायचं कशाला?"

"चार दिवसांचा प्रश्न आहे दादा. आणि सर आहेत ते. त्यांनी आपल्यासाठी..."

"माहीत आहे कोण आहेत!"

एवढा मोठ्याने तो माझ्यावर कधीच ओरडला नव्हता. सर बाहेर बाकावर बसून ऐकत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हळूच म्हटलं, तू भरत नसशील तर मी भरते, टाकी दे. तेव्हा तो उठला. "थोडासाच भरतो," म्हणाला. पडदा ओढला. बाहेर आल्यावर घाम पुसत मला म्हणाला, "सरांना सांग, काचा उघड्या ठेवायच्या. उभ्या गाडीत तर ठेवायच्याच."

मी निरोप जसाच्या तसा दिला. सर म्हणाले, "एसी लावायचा आणि काचा उघड्या? तुझ्या दादाला म्हणावं, मग पंखाच विकत घेतो." आम्ही दोघंही हसलो. दादा हसला नाही. तो सरांची गाडी वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभा होता.

रंगारी मागच्या शेडजवळ विडी पेटवायला गेला, तेव्हा दादाने फटकन त्याच्या हातावर मारून ती खाली पाडली. हल्ली त्याचं काहीतरी बिनसलंय. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तूच विचार. माझं कोण ऐकतं?"

२३ मार्च

मला हे क्रमाने लिहायलाच हवं.

सकाळी पार्सल आलं. कॉइल, आणि मी पहिल्यांदाच रीतसर दुकानातून मागवलेली एसीच्या गॅसची नवी सीलबंद टाकी. दादा अजून आला नव्हता. टाकीचा व्हॉल्व्ह नीट बसतो का बघावं म्हणून मी तो किंचित उघडला.

टेबलावर पडलेलं माझं यंत्र किंचाळायला लागलं.

आधी मला आनंदच झाला, वेड्यासारखा. यंत्र चांगलं आहे! मग मी उभी राहिले तशीच राहिले. यंत्र चांगलं आहे. सरांच्या गाडीच्या तोंडाशी मी त्याला धरलं होतं, बोटाला गार लागलं होतं, आणि ते गप्प होतं. हे यंत्र एसीच्या गॅसला ओरडतं. मग त्या गाडीत काय होतं?

मागच्या शेडमधली निळी टाकी आणली. व्हॉल्व्ह जरासा उघडला. यंत्र गप्प, पण या वेळी आजूबाजूला थिनर नव्हता. वास आला. ओळखीचा, रोजचा. शेगडीचं बटण फिरवून काडी पेटायला उशीर झाला की स्वयंपाकघरात येतो तो.

गॅस. आम्ही सगळे एकच शब्द वापरत होतो. आई तिचा गॅस म्हणत होती, मी माझा. आणि दादा दोन्हींचा एकच करत होता.

सरांना फोन लावला. वाजत राहिला. पेपरची वेळ होती. मी स्कूटर काढली.

सरांचं घर तीन गल्ल्या सोडून आहे. मागच्या फाटकातून आत शिरले तेव्हा गाडी भिंतीच्या सावलीत उभी होती. काचा बंद. सर आत होते, मांडीवर पेपर, ओठात सिगारेट, हातात लायटर. मी स्कूटर तशीच टाकून धावले. सरांनी मान वर केली आणि मला पाहिलं. त्यांनी पटकन सिगारेट ओठांतून काढली, लायटरसकट खिशात कोंबली आणि शाळेत वर्गाच्या दाराशी उभे राहायचे तसे ताठ बसले. विद्यार्थ्यांसमोर सरांनी कधीही सिगारेट ओढली नाही. कधीच नाही.

मी दार उघडलं तसा वास अंगावर आला. त्यांना हाताला धरून ओढलं. गाडीचं काहीही सुरू-बंद न करता चारी दारं टाकली उघडी.

"अगं, काय झालं?"

मी सांगितलं.

सर पायरीवर बसले. खिशातून लायटर काढून त्यांनी तो लांब कुंडीपाशी नेऊन ठेवला, परत येऊन बसले. आतून त्यांच्या नातवाचा आवाज येत होता, आजोबा, चला ना गाडीतून.

"हा वास रोजचाच होता," सर म्हणाले. "मी विज्ञान शिकवायचो. माझ्या लक्षात नाही आलं. तू सांगितलंस म्हणून नाही आलं."

मग त्यांनी विचारलं, "कोणी भरला?"

"आम्ही," मी म्हटलं.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर परवडलं असतं.

२४ मार्च

काल दिवसभर दादाशी बोलले नाही. आज सकाळी गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढून तोच समोर बसला.

"मला तो खराब माल वाटत नव्हता," तो म्हणाला. "उलट जास्त गार होतो. उस्तादाने मला असंच शिकवलं. पाइपात बंद असतो, हवा लागत नाही, पेटणार कसा? इतक्या वर्षांत एकालाही काही झालं नाही."

"पाइप फुटला तर?"

"फुटला तर बाहेर उडून जातो. सगळ्यांचा बाहेरच उडून गेला. तू म्हणालीस आत येतो, तेव्हा मला..." तो थांबला. "मी नको म्हटलं होतं त्या दिवशी."

"का नको, ते म्हणाला नाहीस."

"तुझ्यासमोर? पाटी लावली होती आपण."

मला त्याला खूप काही बोलायचं होतं. मोजून, तपासून, खरं सांगून, वगैरे. पण कुठल्या तोंडाने? भरायला मीच लावलं होतं. 'घाबरू नका' मीच म्हटलं होतं.

शेवटी विचारलं, "आणखी कुणाकुणाच्या गाडीत आहे?"

दादा जमिनीकडे बघत होता. "कुणाच्या नाही, ते विचार."

२५ मार्च

दुकान बंद. जेवढे नंबर दादाच्या फोनमध्ये आहेत तेवढ्यांना मी फोन केले. काहींनी ऐकून घेतलं. एकाने विचारलं, परत भरायचे पैसे उकळायची ही नवी युक्ती का? एक जण म्हणाला, गार होतंय ना, मग कशाला बोंबलता. पण बहुतेकांचे नंबरच नाहीत. रस्त्यावरून आले, गार करून घेतलं, गेले. ऊन रोज वाढतंय. लोक काचा वर करून घेतात.

२६ मार्च

दादा म्हणाला, "चल." कुठे ते सांगितलं नाही. गावातला मोठा चौक. संध्याकाळी ऑफिसं सुटायच्या वेळेला तिथे चारी बाजूंनी गाड्या थांबतात. तो कडेला उभा राहिला आणि डोळे मिटून ऐकू लागला. मला वाटलं, त्याला चक्कर येतेय.

"ती पांढरी," तो म्हणाला. "तो कॉम्प्रेसर मी बसवलाय. आपली आहे."

आम्ही गाड्यांच्या मधून गेलो. त्याने काचेवर टकटक केली. आत एक बाई, मागे दोन मुलं. काच खाली झाली. मला वाटलं होतं, बोलायचं काम माझं. पण दादाच बोलला: "ताई, तुमच्या एसीत मी चुकीचा गॅस भरलाय. पेटणारा. एसी बंद करा, काचा उघडा, उद्या सकाळी गाडी आणा, फुकट काढून देतो." बाईंनी मुलांकडे पाहिलं आणि गाडी कडेला घेतली. त्यानंतर एक टॅक्सीवाला, त्याने आईवरून शिव्या दिल्या, पण काचा उघडल्या. दादाने शिव्या उभ्या उभ्या ऐकून घेतल्या आणि पुढच्या गाडीकडे वळला.

अंधारायच्या आधी एक राखाडी गाडी आली. "ही पण," दादा म्हणाला. आत एकटाच माणूस, फोनवर. दादाने टकटक केली. त्याने आमच्याकडे न बघता हात हलवला: नको, नको. आम्ही काहीतरी विकतोय असं वाटलं त्याला. दादाने पुन्हा टकटक केली, हात जोडले, काच खाली करायची खूण केली. मी दुसऱ्या बाजूने ओरडत होते, "काच उघडा! काच!" बंद काचेतून त्याला काय ऐकू जाणार! त्याने वैतागून फोन बाजूला ठेवला आणि शर्टाच्या खिशात हात घातला. आम्हाला सुटे पैसे द्यायला, की आणखी कशाला, ते दिसायच्या आत सिग्नल सुटला.

दादा गाडीमागे धावला. डिकीवर त्याने दोन थापा मारल्या. मग गाडी गर्दीत मिसळली आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून त्याला रस्त्यातून हाकललं. मला नंबरातले शेवटचे दोनच आकडे दिसले.

तो परत येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. धाप लागली होती.

"उद्या परत इथूनच जाईल," तो म्हणाला. "रोज इथूनच जातो."